सर्वानुमते

नंदाखाल, ९ जून २०२५

ऑस्टिन,

पर्थचा पत्ता टिफनीने दिला. तिच्यावर रागावू नकोस. मी तीन वेळा मागितला तेव्हा कुठे दिला, आणि तोही "तुमचं तुम्ही बहीणभाऊ बघा, मी नवऱ्याला काही सांगणार नाही" असं म्हणून. तुझ्या फोनवर माझा नंबर चार वर्षं बंद आहे, ईमेल परत येते. म्हणून कागदावर लिहिते.

कामाचंच लिहिते. २०२१ साली वालीवच्या गाळ्याच्या छपरावर तू नव्या फोमचे तुकडे उन्हात टांगले होतेस. त्याच्या नोंदींचं एक रजिस्टर होतं. मी सगळी कपाटं उलटीपालटी केली, ते सापडत नाही. तुझ्याबरोबर गेलं असेल तर पानांचे फोटो टिफनीच्या फोनवरून पाठव. सोबत काही लिहायची गरज नाही.

कशाला हवंय तेही सांगते. गेल्या सोमवारी काळूराम तांडेल कंपनीत आला. अर्नाळ्याचा, पंचेचाळिशीचा माणूस, स्वतःची छोटी बोट आहे. तीन वर्षांपूर्वी आपली लाइफ जॅकेटं मच्छीमार सोसायट्यांत वाटली गेली, तेव्हा मी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर प्रात्यक्षिक केलं होतं. साडीवर जॅकेट चढवून गळ्याएवढ्या पाण्यात गेले आणि पाय सोडून दिले. लोक खूप हसले. तुला माहीत आहे, कोळी माणूस जॅकेट अंगात घालत नाही, उशाला घेतो. पण काळूरामच्या बायकोने, कमळीने, ते बघून नवऱ्याला शपथ घातली. तेव्हापासून तो घालतो. सगळे त्याची मस्करी करतात तरी घालतो.

बोटी बंद व्हायच्या दोनतीन दिवस आधी जाळं ओढताना तो पाण्यात पडला. जॅकेट अंगात होतं. सोमवारी त्याने ते गोणीतून काढून माझ्या टेबलावर ठेवलं. पाच दिवस उन्हात वाळवलेलं, तरी उचलताना मला दोन्ही हात लागले.

"बाय, हे जाकीट पानी पितं," तो म्हणाला.

किती वेळ पाण्यात होता, विचारलं.

"मोजाला घड्याल कुठं व्हता? पयला वर ठेवलान, मंग खाली वढाला लागला. पट्टा सोडवाला गेलो तं सुटं ना. भावाने केस धरले, म्हनून आलो."

आवाज चढवला नाही त्याने. चहाही घेतला. निघताना फक्त विचारलं, "बाकीची पन अशीच हायत काय?"

मी म्हटलं, बघून सांगते.

रजिस्टर बघ.

शर्लिन


नंदाखाल, २० जून

ऑस्टिन,

पहिलं पत्र तुला अजून मिळालं नसेल. दुसरं लिहायला बसले कारण घरात बसवत नाही आणि कंपनीत कोणाशी बोलता येत नाही.

बुधवारी बोर्डाची सभा झाली. पप्पा अध्यक्ष, जोसेफमामा, मी, आणि तुझ्या जागी आलेले सुमेध पाटणकर. हे तुला माहीत नाहीत. विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करण्यात त्यांची तीस वर्षं गेली, आता वसई रोडला फ्लॅटमध्ये राहतात. घरातल्या तिघांपेक्षा बाहेरचा एक माणूस हवा, असं बँकेने सुचवलं म्हणून त्यांना घेतलं. आल्या आल्या त्यांनी जोखमीचा तक्ता करायला लावला. काय बिघडू शकतं, बिघडण्याची शक्यता किती, बिघडलं तर नुकसान केवढं, लक्ष कोण ठेवणार. आग, पूर, कच्चा माल, अशा ओळी आहेत. सातवी ओळ आहे 'विकलेल्या मालात दोष'. नुकसानीच्या रकान्यात पाटणकरांनी पहिल्याच दिवशी 'जीवितहानी' लिहिलं. शक्यतेच्या रकान्यात दर तीन महिन्यांनी मी 'कमी' लिहिते. गेल्या वेळचं वाचते आणि तेच परत लिहिते. मार्चमध्येही लिहिलं.

मी काळूरामचं जॅकेट टेबलावर ठेवलं. मामांनी त्याला हातही लावला नाही.

"एक माणूस, एक जॅकेट," ते म्हणाले. "त्याच्यावर डिझेल सांडलं असेल. वर्षभर त्याच्यावर बसले असतील."

"असेलही," पाटणकर म्हणाले. "त्या नव्या फोमची बाहेर किती आहेत?"

"आठशे साठ," मी म्हटलं. तुझ्यानंतर त्या फोमवाल्याची कंपनी वर्षभरात बंद पडली, मग आपण परत जुना फोम घ्यायला लागलो. म्हणजे आठशे साठच. अर्नाळ्यापासून पाचूबंदरपर्यंत.

"त्यातली आपण किती तपासली?"

"हे एकच. तेही आपणहून आलं म्हणून."

"मग जोसेफसाहेब, तुम्ही सांगताय तो अंदाज आणि मी सांगेन तोही अंदाज."

पप्पा नेहमीसारखे डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बोटी ऑगस्टपर्यंत बंद आहेत. तोवर कोणी पाण्यात उतरत नाही. तीन जॅकेटं मुंबईच्या लॅबला पाठवू. रिपोर्ट येईपर्यंत बाहेर कोणी काही बोलायचं नाही."

मामांनी हात वर केला. मीही केला. पाटणकरांनी केला, पण तारीख लिहून घ्यायला लावली. अठरा जुलैच्या आत रिपोर्ट, त्याच दिवशी सभा.

सभा संपल्यावर पहिला अर्धा तास मला अगदी हलकं वाटलं. आता लॅब बघेल, असं. त्या हलकं वाटण्याचीच मला नंतर लाज वाटली. काळूरामला मी 'बघून सांगते' म्हटलं होतं आणि बोर्डाने 'बोलायचं नाही' ठरवलं, आणि दोन्हींना हो म्हणणारी मीच.

काल त्याचा फोन आला. मी उचलला नाही.

शर्लिन


वालीव, ४ जुलै

ऑस्टिन,

कंपनीच्या कॅन्टीनमध्ये बसून लिहिते आहे. अक्षर वाईट आलंय.

काळूरामला मी उलटा फोन केला. तपासणीला म्हणून गावातली बारा जॅकेटं मागितली. कारण सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पोच्या मागे टाकून पाठवली.

तू बांधलेली टाकी अजून तशीच आहे. आता ती प्रीतल बघते. वटारची मुलगी, सव्वीस वर्षांची, विरारच्या कॉलेजातून केमिस्ट्री केलंय. हुशार आहे, बोलते फटाफट. तिला सांगितलं, चोवीस तास बुडवून ठेव, आधीची आणि नंतरची तरंगण्याची ताकद मोज. बारापैकी पाच जॅकेटांची ताकद चौथाईच्या वर कमी झाली. आणखी दोन वजन लावल्यावर तळाला जाऊन बसली. मी टाकीच्या काठावर उभी होते. वर बुडबुडे येत होते, बारीक बारीक, बराच वेळ.

प्रीतलने पेन काढलं. "मॅडम, रजिस्टरला चढवते."

मी म्हटलं, "थांब जरा."

आता हे 'थांब' कुठून आलं ते ऐक. परवा मामा त्यांच्या वकिलाला घेऊन घरी आले होते. वकील समजावत होता की जोवर कंपनीच्या कागदावर काही नाही, तोवर कंपनीला माहीत होतं असं कोणी म्हणू शकत नाही. कागदावर आलं की माहीत झालं. मी चहा आणायला उठले. मला वाटलं होतं की ते माझ्या एका कानाने आत जाऊन दुसऱ्या कानाने बाहेर पडलं. पडलं नव्हतं.

"थांबू म्हणजे किती थांबू?" प्रीतलने विचारलं.

"लॅबचा रिपोर्ट येऊ दे."

तिने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "मॅडम, एक विचारू? ते आधीचे ऑस्टिन सर होते ना, त्यांच्या टायमाला पण असंच झालेलं का? वर्कर लोक बोलतात."

मी म्हटलं, मला माहीत नाही.

हे पत्र इथेच थांबवते. उद्या पोस्टात टाकेन. टाकणार नाहीही कदाचित.

शर्लिन


नंदाखाल, ६ जुलै, रविवार

ऑस्टिन,

परवाचं पत्र काल टाकलं. सकाळी चर्चमध्ये मिस्सेला गेले, फादर काय बोलले ते एक अक्षर आठवत नाही. घरी येऊन सरळ लिहायला बसले.

२०२१ च्या सप्टेंबरची सभा तुला पाठ असेल. मी माझ्या बाजूची सांगते.

आदल्या दिवशी संध्याकाळी आपण मागच्या ओट्यावर बसलो होतो. तू म्हणालास, नवा फोम ताजा असताना पास होतो, पण तीन महिने उन्हात राहिलेले तुकडे पाणी ओढतात. सहा महिने थांबू, वर्षभर टांगून बघू, मग घेऊ. मी म्हटलं, बरोबर आहे तुझं, उद्या मी तुझ्या बाजूने. तू माझ्या पाठीवर थाप मारलीस.

सभेत मामांनी सोसायट्यांसाठीच्या जॅकेटांची ऑर्डर वाचून दाखवली. त्या दरात जुना फोम परवडत नव्हता. लॉकडाऊनपासून अडतीस लोक अर्ध्या पगारावर होते. सहा महिने थांबलो तर ऑर्डर जाते. तू तुझं बोललास, नेहमीसारखं भराभर, कागद फडकवत. मग पप्पांनी डोळे उघडले आणि तुझ्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "शर्लिन, तुझं काय मत?"

त्या टेबलाशी मी नऊ वर्षं बसत होते. हा प्रश्न त्यांनी नेहमी तुला विचारला होता. मी तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, पण माझं काम कागदपत्रं नीट ठेवायचं. त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, आणि त्यांना काय ऐकायचं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी म्हटलं, "फोमवाल्याचं सर्टिफिकेट आहे. मला वाटतं घ्यावा." आणि हात वर केला. अडतीस लोकांच्या पगारासाठी केला, असं मी चार वर्षं स्वतःला सांगत आले. थोडं ते खरं आहे. सगळं नाही.

तीन विरुद्ध एक. तू म्हणालास, माझा विरोध कारणासकट लिहून घ्या. पप्पा म्हणाले, लिहा.

लिहायचं काम माझं होतं. ऑर्डर देणाऱ्यांना सभेच्या इतिवृत्ताची प्रत जायची होती. तुझं कारण तसंच लिहिलं असतं तर ती ऑर्डर त्या पानावरच मेली असती. मी दोन वेळा लिहिलं आणि दोन वेळा फाडलं. तिसऱ्यांदा लिहिलं, 'चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.' पप्पांनी न वाचता सही केली. माझ्यावर विश्वास होता म्हणून.

मला कोणी सांगितलं नव्हतं, ऑस्टिन. पप्पांनी नाही, मामांनीही नाही. माझं मी केलं.

दोन आठवड्यांनी तुझ्या हातात प्रत आली, तेव्हा तू केळीच्या बागेत जाऊन पप्पांच्या तोंडासमोर ती धरलीस. "माझा विरोध कुठे गेला? तुम्ही काढलात." मी ओट्यावर उभी होते. पप्पांनी कागद वाचला. पहिल्यांदाच वाचत होते. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. पुष्कळ वेळ नाही, एक क्षण. आणि तुला म्हणाले, "सही माझी आहे."

एवढंच. तू त्यांना काय काय बोललास ते मी इथे लिहीत नाही. महिन्याभरात तू गेलास. त्या दिवसापासून पप्पांनी मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही आणि मी एक शब्द सांगितला नाही. रोज एका टेबलावर जेवतो.

माफी मागायला हे लिहिलं नाही. परवा प्रीतलला 'थांब' म्हटलं आणि मला माझाच आवाज ऐकू आला. उद्या गेल्यावर तिला रजिस्टर उघडायला सांगणार आहे.

शर्लिन


नंदाखाल, १९ जुलै

ऑस्टिन,

गेल्या शनिवारी टिफनीच्या फोनवरून चौदा फोटो आले. खाली एक अक्षर नाही. तुझं अक्षर बघून मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. एकोणीस नंबरचा तुकडा, सत्तर दिवस ऊन, 'पाणी ओढतो, पेशी फुटल्या आहेत'. पुढे तारीख आणि तुझी सही. माझं चार तारखेचं आणि सहाचं पत्र तेव्हा तुझ्यापर्यंत पोचलं नसणार, हे मला ठाऊक आहे. म्हणजे फोटो तू पहिलं पत्र वाचून पाठवलेस. पुढची वाचून पाठवले असतेस का, कोण जाणे.

काल सभा झाली.

लॅबचा रिपोर्ट आला होता. तीनपैकी दोन पास, एक थोडक्यासाठी नापास. मामांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "झालं तर मग. सरासरी काढली तर पास आहे."

"पाण्यात सरासरी घालून पडत नाहीत," पाटणकर म्हणाले. त्यांना चिडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

मी प्रीतलला आत बोलावलं. मामा म्हणाले, नोकरमाणसाला बोर्डात आणायची पद्धत नाही. पप्पांनी हातानेच तिला बस म्हटलं. तिने रजिस्टर वाचलं, सगळी बारा जॅकेटं, एकेक आकडा. मध्ये कुठे थांबली नाही. मग मी तुझे फोटो वाचले. आणि मग मी २०२१ चं इतिवृत्त काढलं आणि म्हटलं की 'सर्वानुमते' हे खोटं आहे, ठराव तीन विरुद्ध एक झाला होता, विरोधाचं कारण हे होतं, आणि ते मी गाळलं.

मामांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. त्यांना ते पहिल्यापासून माहीत होतं. पाटणकर वहीत लिहीत होते, ते थांबले. पप्पांनी डोळे मिटलेलेच ठेवले.

मी ठराव मांडला, आठशे साठच्या आठशे साठ परत मागवायची, बोटी सुटायच्या आधी. पाटणकरांनी अनुमोदन दिलं. मामा विरोधात. ते म्हणाले, एकदा असं केलं की आपलं एक जॅकेट यापुढे कोणी घेणार नाही, पस्तीस वर्षांची कंपनी बंद होईल, लोक घरी बसतील. ते उगाच बोलत नाहीत, ऑस्टिन. होऊ शकतं तसं. पप्पांचं मत विरोधात गेलं असतं तरी मला समजलं असतं.

पप्पा म्हणाले, "आज नको. मला विचार करू द्या. ११ ऑगस्टला परत बसू."

पाटणकर म्हणाले, "बर्नार्डसाहेब, नारळी पौर्णिमा आठला आहे. नऊपासून बोटी बाहेर असतील."

"माहीत आहे मला," पप्पा म्हणाले आणि उठून गेले.

पप्पांनी नाही म्हटलं नाही, होही म्हटलं नाही. इतिवृत्तात लिहायचं तर 'विषय पुढील सभेसाठी राखून ठेवण्यात आला'. मी लिहिलंय तसं. या वेळी कोण काय बोललं तेही लिहिलंय.

जेवताना मी पप्पांना विचारलं, तुम्हाला नक्की काय विचार करायचाय? ते म्हणाले, "शर्लिन, मला घास गिळू दे."

शर्लिन


नंदाखाल, २७ जुलै

ऑस्टिन,

मी बोर्डाचं ऐकलं नाही.

सोमवारी सकाळी पाटणकरांना फोन करून सांगितलं की मी अर्नाळ्याला जाते आहे. ते म्हणाले, "संचालक म्हणून तुम्हाला तसं करता येत नाही. हे सांगणं माझं काम होतं, सांगितलं." मग म्हणाले, "आगाशीवरून जाऊ नका, रस्ता खणलाय."

प्रीतल स्वतःहून आली. मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये काळूरामने साठेक माणसं जमवली होती, बायका मागे. आम्ही एक प्लास्टिकचं मोठं पिंप पाण्याने भरलं, एक जुन्या फोमचं आणि एक या फोमचं जॅकेट वजन लावून आत टाकलं; जुनं तरंगत राहिलं, हे तळाला गेलं. मी म्हटलं, ही जॅकेटं आम्ही विकली. त्यांच्यात दोष आहे. एका माणसाने तेव्हाच सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही. घालू नका, आम्हाला परत द्या.

कोणी ओरडलं नाही. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "आमी घालीतच नव्हतो, म्हनून जगलो." हॉल हसला. कमळी हसली नाही. ती पुढे आली, चांगली उंच बाई आहे, आणि माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "तुमच्यावर इस्वास ठेवून मी त्याला शपथ घातली. त्या दिसी तो मेला असता तं मी मारला असता त्याला, तुमी नाय."

मी उभी राहिले. मग तिनेच जाऊन घरातली दोन जॅकेटं आणली आणि टेम्पोत फेकली.

त्या दिवशी एकशे दहा आली. संध्याकाळी मामांचा फोन, मी कंपनी बुडवली म्हणून. पप्पा घरी माझ्याशी बोलले नाहीत. मंगळवारी आम्ही परत गेलो. बुधवारी पाचूबंदरला. जेटीजवळ टेम्पो लावून मी आणि प्रीतल आत बाकड्यावर नावं लिहून घेत होतो. अकराच्या सुमाराला रिक्षा थांबली आणि पप्पा उतरले. पांढरा शर्ट, हातात छत्री. कोणाच्या तरी ओट्यावरची खुर्ची मागून घेतली, टेम्पोच्या मागे मांडून बसले. लोक जॅकेट आणत होते, ते एकेक हातात घेऊन आतला नंबर मोठ्याने वाचत होते आणि देणाऱ्याला म्हणत होते, "मी बर्नार्ड. कंपनी माझी आहे." प्रत्येकाला, ऑस्टिन. एक जण त्यांच्या पायाशी थुंकला. त्यांनी पाय बाजूला घेतला आणि पुढचं जॅकेट हातात घेतलं.

दुपारी मी डबा उघडला तर म्हणाले, "मला भूक नाही, तू खा." सोमवारपासूनचं ते पहिलं वाक्य.

गुरुवार ते काल, रोज येत होते.

शर्लिन


नंदाखाल, २४ ऑगस्ट

ऑस्टिन,

हे शेवटचं लांब पत्र.

११ तारखेला ठरल्याप्रमाणे सभा झाली. पाटणकर म्हणाले, ठरवायचं होतं ते किनाऱ्यावर ठरून गेलं, आता बोर्डाने मान्यता तरी द्यावी. पप्पांनी पहिला हात वर केला. मी आणि पाटणकरांनी केला. मामांनी विरोध नोंदवला, कारणासकट, आणि मी तो त्यांच्याच शब्दांत लिहिला, त्यांना वाचून दाखवला. मग त्यांनी राजीनामा दिला. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. २०२१ चं पान खोडता येत नाही, कायदा तसाच आहे, पण त्यात काय चुकलं होतं ते या सभेच्या इतिवृत्तात आलंय. तुझं नाव, तुझं कारण, आणि कोणी गाळलं ते. प्रत सोबत आहे.

दोन मोठ्या ऑर्डरी गेल्या. एक टिकली. मी सातव्या ओळीपुढे 'कमी' खोडून 'माहीत नाही' लिहिलं, पाटणकर म्हणाले तक्त्यात असं लिहीत नाहीत. मी तसंच ठेवलं. प्रीतलने छपरावर फोमचे तुकडे टांगायला परत तार बांधलीय. कंपनी पुढच्या वर्षी असेल की नाही, मी सांगू शकत नाही.

आठशे साठपैकी सातशे एक्याण्णव जॅकेटं परत आली. बोटी नऊ तारखेला सुटल्या, तेव्हा एकोणसत्तर बाहेर होती. काही फाटून टाकून दिली असतील, काही कोणी सोफ्यात भरली असतील, काही बोटींबरोबर विकली गेलीत. हवामान बिघडल्याचं फोनवर आलं की मला बसवत नाही. उठून खिडकीशी जाते, परत येते. काळूरामने नवं जॅकेट माझ्याकडून घेतलं नाही. दुसऱ्या कंपनीचं घेतलं. घालतो, हे कमळीने सांगितलं.

आता शुक्रवारचं. सकाळी पप्पा बागेत होते, फोन वाजला. पर्थचा नंबर मला ओट्यावरून दिसला नाही, पण ते ज्या तऱ्हेने उभे राहिले त्यावरून समजलं. पाऊण तास केळींच्या ओळींतून इकडून तिकडे चालत होते. मी तांदूळ निवडत होते, दोनदा निवडले.

ते आले, नळावर पाय धुतले.

"तू त्याला लिहिलंस?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी पंच्याने पाय पुसले, सावकाश, एकेक बोट. "मग आता माझ्याकडे लपवायला काही राहिलं नाही," ते म्हणाले. आणि खुर्चीवर बसून रडायला लागले. मम्मी गेली तेव्हाही मी त्यांना असं बघितलं नव्हतं. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "माझं काही विचारलं त्याने?"

"नाही. मीच विचारलं, तिच्याशी बोलतोस का."

"मग?"

"अजून नाही, म्हणाला."

बरोबर आहे तुझं. पप्पांना आधी फोन केलास, हेच योग्य झालं. मला फोन करू नकोस तुझ्या मनात येईपर्यंत. पत्राचं उत्तरही नको. त्या 'अजून'वर मी थांबू शकते, थांबायची मला सवय झालीय.

उद्या पहाटे काळूरामबरोबर झाईला निघते. डहाणूच्याही पुढे. तिथे अर्नाळ्याची एक बोट विकली गेलीय आणि तिच्यावर आपली अकरा जॅकेटं आहेत, असं कळलंय. बोट परवा समुद्रात जाते. मालक फोन उचलत नाही.

शर्लिन